पित्ताची गोळी घेऊनही थांबत नाही, ते दुखणं पित्ताशयाचं आहे का?

पोटाच्या वरच्या भागात दुखायला लागलं की आपण 'पित्त झालंय' म्हणतो आणि एक गोळी घेतो. बहुतेक वेळा ते जठरातलं आम्ल असतं आणि गोळीने शांतही होतं. पण खरं पित्त जठरात तयार होत नाही. ते यकृतात तयार होतं आणि यकृताला खालून चिकटलेल्या पित्ताशय नावाच्या छोट्या पिशवीत साठतं. आम्लालाही पित्त आणि पित्तालाही पित्त, या एका शब्दामुळे पित्ताशयाचं दुखणं महिनोन्‌महिने अंगावर काढलं जातं. दोन्हींतला फरक घरी बऱ्यापैकी ओळखता येतो, आणि त्यासाठी सगळ्यात उपयोगी पडतं ते घड्याळ.

पित्ताशय साधारण 7 ते 10 सेंटीमीटर लांब असतं आणि त्यात 30 ते 50 मिलिलिटर पित्त मावतं. स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात पोचले की तिथून एक संप्रेरक सुटतं, पिशवी आवळते आणि पित्त आतड्यात सोडते. पिशवीत खडे असतील तर आवळताना एखादा खडा तोंडाशी अडकतो. पिशवी जोर लावत राहते, आतला दाब वाढतो, दुखतं. खडा मागे घसरला की दुखणं थांबतं.

हे लक्षात ठेवलं की दुखण्याची चाल समजते. ते हळूहळू चढतं, साधारण पाऊण-एक तासात टोकाला पोचतं, तिथेच ठाण मांडून बसतं आणि मग ओसरतं. डॉक्टर याला 'बिलिअरी कॉलिक' म्हणतात. कॉलिक म्हणजे खरं तर उठून बसणारा, पुन्हा उठणारा मुरडा, आणि इथे तसं होत नाही. हे दुखणं सलग असतं. जागा म्हणजे उजव्या फासळ्यांखाली किंवा छातीच्या हाडाच्या खाली मधोमध. मधोमध दुखतं म्हणून पुष्कळांना ते जठराचंच वाटतं. तिथून ते पाठीत, उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली जातं, कारण पित्ताशयाच्या आणि त्या भागाच्या संवेदना मज्जारज्जूत जवळपास एकाच पातळीवर पोचतात. सोबत मळमळ, उलटी, घाम. कुशी बदलून, शौचाला जाऊन, ढेकर देऊन किंवा आम्लाची गोळी घेऊन आराम पडत नाही. जड जेवणानंतर तासा-दोन तासांनी किंवा रात्री झोपेतून उठवणारं दुखणं ही ओळखीची तऱ्हा आहे, पण जेवणाशी काहीच संबंध नसलेले झटकेही येतात. तेव्हा 'काल तर साधंच जेवलो होतो' म्हणून शंका सोडून देऊ नका.

उलट बाजूही सांगायला हवी. जेवल्यावर पोट फुगणं, सारखे ढेकर, छातीत जळजळ एवढीच तक्रार असेल तर सोनोग्राफीत खडे दिसले तरी तक्रार त्यांचीच असेल असं नाही. अशा तक्रारीसाठी पित्ताशय काढलं आणि ढेकर तसेच राहिले, असं पुष्कळदा होतं.

आता घड्याळ. दुखणं सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. काही सेकंदांची चमक किंवा पाच-दहा मिनिटांत जाणारं दुखणं सहसा पित्ताशयाचं नसतं. अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकून काही तासांत पूर्ण थांबलं, तर येत्या काही दिवसांत डॉक्टरांना दाखवा, पहिलाच झटका असला तरी. कारण एकदा झटका आला की तो पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते. आणि पाच-सहा तास झाले तरी दुखणं उतरत नसेल तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. खडा अडकूनच राहिला की पिशवीला सूज येते, पुढे जंतुसंसर्ग होतो. डॉक्टर उजव्या फासळ्यांखाली दाबून दीर्घ श्वास घ्यायला सांगतात ते यासाठीच: सुजलेलं पित्ताशय त्यांच्या बोटांना टेकलं की श्वास मध्येच अडतो.

काही खुणांसाठी तर तासही मोजायचे नाहीत. थंडी वाजून ताप. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा (हे दिवसाच्या उजेडात पाहा, पिवळ्या दिव्याखाली फसायला होतं). लघवी गडद तपकिरी आणि शौचाचा रंग मातकट पांढुरका. यांचा अर्थ खडा पिशवीतून निसटून पित्तनलिकेत, म्हणजे पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीत, अडकला असावा. दुखणं, कावीळ आणि हुडहुडी भरून ताप ही तिन्ही एकत्र आली तर नलिकेत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. त्यात रक्तदाब घसरतो, माणूस असंबद्ध बोलू लागतो, आणि वेळेत उपचार न मिळाल्यास जीव जातो. पोटातून आरपार पाठीत जाणारं भयंकर दुखणं, पुढे वाकून बसल्यावर किंचित कमी वाटणं आणि न थांबणाऱ्या उलट्या असतील तर स्वादुपिंडाला सूज आल्याची शंका घ्यावी लागते. तेही तातडीचंच.

छातीच्या हाडाखाली दुखतंय, घाम फुटलाय, धाप लागतेय, दुखणं जबड्यात किंवा हातात जातंय, तर आधी हृदयाचा विचार करा. हृदयविकाराचा झटका नुसता पोटदुखीसारखाही येतो. ईसीजी काढायला काही मिनिटं लागतात. पित्ताशय तेवढं थांबू शकतं. गरोदरपणाच्या उत्तरार्धात उजव्या फासळ्यांखाली दुखलं, विशेषतः डोकं दुखत असेल किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर त्याच वेळी रक्तदाब तपासून घ्या. यकृतावर परिणाम करणारा गरोदरपणातला गंभीर विकार तसाच सुरू होतो.

वयस्कर आणि मधुमेही माणसांच्या बाबतीत जास्त सावध राहा. पिशवी सडायला लागली तरी त्यांना दुखणं बेताचं असतं, ताप नसतो, नुसती भूक मरते किंवा थकवा येतो. आणि जोरात दुखत असलेलं पोट एकदम हलकं वाटलं, पण माणूस मात्र अधिक आजारी दिसतोय, तर ती सुधारणा समजू नका. पिशवी फुटलेली असू शकते.

झटका आला तर काही खाऊ नका, उलटी होत नसेल तर पाण्याचे घोट चालतील. पॅरासिटामॉल घेण्याआधी ताप मोजून लिहून ठेवा, नाहीतर गोळीने ताप उतरतो आणि महत्त्वाची खूण हरवते. डायक्लोफेनॅकसारखी औषधं या दुखण्यावर चांगली लागू पडतात, पण किडनीचा विकार, जठराचा अल्सर, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ती स्वतःहून घेऊ नका.

तपासणीत पहिली पोटाची सोनोग्राफी, सहा ते आठ तास उपाशीपोटी, कारण जेवल्यावर पिशवी आकसते आणि खडे नीट दिसत नाहीत. (तातडीच्या वेळी यासाठी थांबत नाहीत.) पिशवीतले खडे सोनोग्राफीत दिसायचे फार क्वचित राहतात, नलिकेतले मात्र बरेचदा राहतात. म्हणून सोबत बिलिरुबिन (काविळीत वाढणारं रंगद्रव्य) आणि यकृताच्या रक्तचाचण्या, पांढऱ्या पेशी, लायपेज (स्वादुपिंडाची सूज कळण्यासाठी) करतात, आणि नलिकेची शंका राहिली तर एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकेचा एमआरआय. साध्या एक्स-रेत बहुतेक पित्तखडे दिसतच नाहीत, तेव्हा 'एक्स-रे चांगला आला' यावर विसंबू नका.

पित्तखडा आणि मूतखडा यांची गल्लत तर फार नुकसान करते. भरपूर पाणी प्यायल्यावर मूतखडा लघवीवाटे पडू शकतो. पित्तखडा पाण्याने सुटत नाही, कारण पाणी त्या वाटेने जातच नाही. शिवाय तो 'पडावा' अशी इच्छाही धरू नये. बारीक खडाच नलिकेत शिरतो आणि कावीळ किंवा स्वादुपिंडाची सूज घडवतो. मोठा बिचारा जागेवर बसलेला असतो. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन शौचातून पडणारे हिरवट गोळे खडे नसतात, त्या तेलाचेच साबणासारखे गोळे असतात.

सोनोग्राफीत सहज खडे सापडले आणि कधीच दुखलं नसेल तर बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. दुखून गेलं असेल तर दुर्बिणीतून पित्ताशय काढणं हाच पक्का उपाय. नुसते खडे काढून पिशवी ठेवली तर ती पुन्हा खडे करते. शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत तेलकट-तुपकट कमी करा, पण उपास करून झपाट्याने वजन उतरवू नका. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त उतरलं की नवे खडे होण्याचा धोका वाढतो. आणि पिशवी काढल्यावरही तसंच दुखलं, डोळे पिवळे दिसले, तर 'आता पित्ताशयच नाही' म्हणून घरी बसू नका. नलिकेत खडा राहिलेला असू शकतो.