टांगलेले टॉप, जमिनीवरचे सब: जोड बसवतानाचा माझा अनुभव

टॉप (वर टांगलेले, मधल्या-वरच्या सुरांचे स्पीकर) एकटे लावले तर सुरेख वाजत होते. सब (जमिनीवरचे, खालच्या सुरांचे स्पीकर) एकटे लावले तर छातीत बसत होते. दोन्ही एकदम सुरू केले की किकचा (ड्रमसेटमधल्या मोठ्या ढोलाचा) धक्काच गायब. मैदानावरच्या मोठ्या सिस्टमवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे कधी ना कधी ऐकलेलं असतं, आणि अशा वेळी हात आधी ईक्यूकडे (ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या नियंत्रणाकडे) जातो. माझं मत स्पष्ट आहे: इथे ईक्यूला हात लावायचा नाही. सब आणि टॉप जिथे एकत्र वाजतात त्या पट्ट्यात ते एकमेकांना खात असतील, तर तिथे कितीही उचला, दोघंही सारखेच वर येतात आणि खड्डा तसाच राहतो.

हिशोब साधा आहे. दोन सारख्या जोराचे आवाज एकाच फेजमध्ये, म्हणजे लहरींचे चढउतार जुळून, आले तर बेरीज ६ डीबीने वाढते. फेजमध्ये १२० अंशांचा फरक पडला की दोन मिळून एकाइतकंच वाजतं. त्याच्या पुढे गेलात तर दुसरा डबा लावून नुकसानच होतं, आणि १८० अंशांवर काहीच उरत नाही.

मोजमापाआधी प्रश्न होता सब ठेवायचे कुठे. आराखड्यात दोन थप्प्या होत्या, डावी-उजवी, मध्ये १२ मीटर. रिगिंगवाल्या (स्पीकर टांगणाऱ्या) मुलाचं म्हणणं होतं, "दादा, बाजूला ठेवले तर समोरची जागा मोकळी राहील." खरं होतं. पण ८० हर्ट्झची लहर ४.३ मीटरची असते. स्टेजपासून ३० मीटरवर उभं राहून मधल्या रेषेपासून साधारण साडेपाच मीटर बाजूला सरकलं, की दोन थप्प्यांपासूनच्या अंतरात अर्ध्या लहरीचा फरक पडतो आणि तिथे ८० हर्ट्झ जवळपास संपतो. मधोमध उभ्या माणसाला दणका आणि त्याच्यापासून काही पावलांवरच्याला काहीच नाही. हा खड्डा डिलेने (आवाज काही मिलिसेकंद मागे ढकलून) भरत नाही, फक्त जागा बदलतो. म्हणून मी सब स्टेजच्या पुढे एका ओळीत मांडून घेतले, शेजारच्या डब्यांच्या मध्यांमधलं अंतर १.७ मीटरच्या आत, म्हणजे १०० हर्ट्झच्या अर्ध्या लहरीपेक्षा कमी. लांब ओळीचा बेस समोर अरुंद होतो, तो पसरवायला कडेच्या डब्यांना थोडा थोडा वाढता डिले दिला.

मग लेव्हल. बरेच जण आधी डिले बसवतात आणि नंतर सब वर घेतात, ते मला पटत नाही. प्रोसेसरमध्ये क्रॉसओव्हर (सब संपून टॉप सुरू होतात ती सीमा) ८० हर्ट्झवर लिहिलेला असला तरी प्रत्यक्ष हवेत सब आणि टॉप सारख्या जोराचे कुठे होतात ते लेव्हलवर ठरतं. सब १० डीबीने वर नेले की तो बिंदू वर सरकतो आणि जोडायचा पट्टाच बदलतो. शिवाय टॉपचे डबे एकाखाली एक टांगून झालेला लांब अ‍ॅरे खालच्या पट्ट्यात एकवटून जास्त जोर देतो, त्यामुळे टॉपचं खालचं टोक कागदावरच्यापेक्षा भरीव असतं. म्हणून आधी गाणी लावून सबचं प्रमाण कानाने ठरवलं, मग माइक काढला.

माइक जमिनीवर टेकवून ठेवला, म्हणजे जमिनीवरून येणारा परावर्तित आवाज मोजणीत गोंधळ घालत नाही. स्मार्टवर (आवाज मोजायच्या सॉफ्टवेअरवर) आधी एका बाजूचे टॉप मोजले आणि रेफरन्स डिले (आवाज माइकपर्यंत यायला लागणारा, मोजणीत वजा होणारा वेळ) तिथेच गोठवला. नंतर टॉप म्यूट करून सब मोजले, पण डिले पुन्हा शोधू दिला नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक वेळी डिले नव्याने शोधला तर दोघांमधला वेळेचा फरक पुसला जातो, आणि आपल्याला नेमका तोच हवा असतो. सबसाठी ऑटो डिलेवर तसाही भरवसा ठेवू नये. खालच्या पट्ट्याचा इम्पल्स (मोजणीत दिसणारा आवाजाचा ठोका) इतका पसरट असतो की त्याचं शिखर नक्की कुठे धरायचं हे सॉफ्टवेअरलाही ठरवता येत नाही.

आता पडद्यावर फेजच्या दोन रेषा. मी ६० ते ११० हर्ट्झ एवढाच भाग बघतो, कारण बाकी ठिकाणी एकजण दुसऱ्यापेक्षा इतका मोठा असतो की फेजचं भांडण ऐकूच येत नाही. सबची रेषा जास्त तीव्र उतरत होती, म्हणजे सब मागे होते. टेप लावली तर सब जवळ, टॉप लांब. तरी सब मागे, कारण २४ डीबी प्रति ऑक्टेव्हचा लिंकविट्झ-रायली लो-पास (फक्त खालचे सूर पुढे जाऊ देणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर लावला की तोच खालच्या पट्ट्याला सुमारे साडेपाच मिलिसेकंद मागे नेतो. टॉपच्या प्रीसेटमधला (साठवून ठेवलेल्या सेटिंगमधला) फिल्टर तितका तीव्र नव्हता. म्हणून डिले टॉपना दिला, आणि त्यांच्याबरोबर फ्रंट फिलनाही (पुढच्या रांगांसाठीच्या छोट्या स्पीकरनाही) तेवढाच. रेषा हळूहळू जवळ आल्या आणि त्या पट्ट्यात एकमेकींवर बसल्या. एका बिंदूवर भेटल्या म्हणून मी थांबत नाही, उतार जुळायला हवा. ८० हर्ट्झवर पूर्ण एक फेरा म्हणजे १२.५ मिलिसेकंद चुकले तरी त्या बिंदूवर सगळं बरोबरच दिसतं.

खात्रीसाठी सबची पोलॅरिटी उलटी केली, म्हणजे त्यांची लहर उलटी फिरवली. जोडाच्या जागी आवाजाच्या जोराच्या रेषेत खोल खड्डा पडला. पोलॅरिटी सरळ केली की खड्डा भरून रेषा टॉपच्या वर गेली. उलट केल्यावर जितका खोल खड्डा, सरळ असताना तितकी चांगली बेरीज, हे बघायला मला आजही आवडतं.

पण हे सगळं कोणत्या जागेसाठी? अ‍ॅरेचा मध्य जमिनीपासून ८ मीटरवर होता. ३० मीटरवर, कन्सोलपाशी (मिक्स करतात त्या टेबलापाशी), जोड बसवला असता तर १० मीटरवरच्या माणसाच्या कानापाशी ८० हर्ट्झला साधारण ९८ अंशांचा फरक पडला असता, म्हणजे ६ डीबीऐवजी जेमतेम सव्वादोनची वाढ. २० मीटरवर बसवला तर १० मीटरवर चारेक आणि ६० मीटरवर पाच डीबी मिळतात. मी २० घेतलं. कन्सोलवाल्याला थोडं कमी मिळालं तरी चालेल, गर्दी तिथे नसते.

तापमानाची मात्र इथे काळजी करत नाही. २० अंशांना आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, ३५ अंशांना ३५२, पण सब आणि टॉप दोघांचाही तितकाच बदलतो. मीटरभराच्या फरकात मिलिसेकंदाचा दहावा भागही सरकत नाही. डिले टॉवर (मैदानात मागे उभे केलेले जादा स्पीकर) असतील तर गोष्ट वेगळी.

शेवटी किक आणि बेस गिटार वाजत ठेवून मैदानभर फिरलो, कडेला आणि अगदी मागेही. सब ऑक्सवर (मिक्सरमधल्या वेगळ्या फेडरच्या वाटेवर) होते, म्हणून मिक्स करणाऱ्याशी ठरवून घेतलं: ऑक्सच्या मास्टर फेडरशेजारी टेपची खूण, तिच्यापासून ३ डीबीपर्यंत तो मोकळा. त्याहून जास्त हवं असेल तर मला सांगायचं, कारण त्या लेव्हलसाठी वेगळा डिले मोजून दुसरा प्रीसेट मी आधीच सेव्ह करून ठेवला होता.