तुम्ही विचारलंत म्हणून: कर पगारावर की पावतीवर?

फेब्रुवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत आठवड्यातले दोन दिवस मी अमेरिकेतल्या आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात एका टेबलामागे बसते. कमी उत्पन्नाच्या लोकांची आयकर विवरणपत्रं फुकट भरून देणारा ‘व्हिटा’ नावाचा सरकारी कार्यक्रम आहे, त्यातली मी स्वयंसेवक. नोकरीची सगळी वर्षं हिशेबाच्या कामात गेली, त्यामुळे निवृत्तीनंतर हे आपसूक हातात आलं. आणि त्यामुळेच एक प्रश्न मला सारखा विचारला जातो. टेबलापलीकडचे लोक विचारतात, मराठी मंडळातली मंडळी विचारतात, भारतातून फोन करणारा भाचाही विचारतो: “मावशी, तुमच्याकडे इन्कम टॅक्स काढून टाकून देशभर एकच विक्रीकर लावायचा म्हणतात. मग हे फॉर्म नकोत, कटकट नको. तू तर रोज हे भोगतेस, तुझा पाठिंबाच असेल ना?”

नाही. माझा पाठिंबा नाही. पण ‘नाही’ म्हणून मोकळं होण्याइतका हा प्रश्न हलका नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी प्रस्ताव काय आहे ते सांगते, कारण बहुतेकांनी त्याचं नुसतं नाव ऐकलेलं असतं. ‘फेअरटॅक्स’ नावाचं विधेयक १९९९ साली जॉर्जिया राज्याचे प्रतिनिधी जॉन लिंडर यांनी अमेरिकेच्या संसदेत मांडलं. तेव्हापासून ते पुन्हा पुन्हा मांडलं जातं. २०२३ च्या जानेवारीत जॉर्जियाचेच प्रतिनिधी बडी कार्टर यांनी मांडलं तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली, पण मतदानापर्यंत ते पोचलं नाही. त्यात व्यक्तींचा आयकर जातो, कंपन्यांचा आयकर जातो, वारसा आणि भेटीवरचा कर जातो, आणि सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) व मेडिकेअर (ज्येष्ठांचा आरोग्य विमा) यांसाठी पगारातून कापला जाणारा पेरोल टॅक्सही जातो. आयआरएस, म्हणजे आयकर खातं, बंद. या सगळ्याच्या जागी नव्या वस्तू आणि सेवांच्या किरकोळ विक्रीवर २३ टक्के कर.

हे २३ टक्के जरा नीट बघा. दुकानात १०० डॉलरची वस्तू घेतलीत तर कर लागतो ३० डॉलर. तुम्ही दिलेत १३०, आणि १३० मधले ३० म्हणजे २३ टक्के. आयकराचा दर असाच, करासकट रकमेवर मोजतात, म्हणून तुलनेसाठी तसा सांगितला, असं समर्थक म्हणतात. त्यात खोटं काही नाही. पण दुकानात उभं राहून माणूस जशी टक्केवारी मोजतो, त्या मोजणीने हा दर ३० टक्के आहे, आणि राज्याचा विक्रीकर त्याच्यावर वेगळा. डॉक्टरची फी, नव्या घराची किंमत, घरभाडं, वकिलाचं बिल, सगळ्यावर. जुन्या वस्तूंवर नाही, आणि शिक्षणाच्या फीवर नाही.

गरिबांचं काय, हा प्रश्न त्यांनी सोडलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. प्रत्येक कुटुंबाला दर महिन्याला सरकारकडून एक रक्कम मिळणार, त्याला ते ‘प्रीबेट’ म्हणतात. दारिद्र्यरेषेपर्यंतच्या खर्चावर जेवढा कर बसेल तेवढी ती रक्कम, आणि पतिपत्नी असतील तर मोठ्या माणसाचा आकडा दोनदा धरायचा. ही कल्पना मला आवडते. टीका करणारे अनेकजण ती लपवतात, ते मला पटत नाही.

आता दोन कुटुंबांचा हिशेब मांडते. २०२४ चे नियम धरले आहेत. नवरा, बायको, दोन लहान मुलं, कमावणारं एकजण, इतर काही वजावट नाही. पहिल्या कुटुंबाचं उत्पन्न ४०,००० डॉलर आणि सगळं खर्च होतं. नव्या करात त्यांचे ९,२०० डॉलर जातील आणि प्रीबेटमधून साधारण ९,४०० परत येतील, म्हणजे देणं जवळपास शून्य. छान. पण आज त्यांचं काय आहे? पगारातून पेरोल टॅक्सचे ३,०६० कापले जातात. आयकर शून्यावर येतो, आणि मुलांसाठीची सवलत व कष्टकऱ्यांसाठी १९७५ पासून असलेली ‘अर्न्ड इन्कम क्रेडिट’ मिळून साडेसात हजारांहून जास्त परतावा हातात पडतो. म्हणजे आज त्या घराकडे निव्वळ साडेचार हजारांच्या आसपास येतात. आयकर गेला की या सवलतीही जातात, कारण त्या आयकराच्या कायद्यातच बसलेल्या आहेत.

दुसऱ्या कुटुंबाचं उत्पन्न ४ लाख डॉलर, खर्च १ लाख ६० हजार. आज ते, मुलांची सवलत वजा जाता, सुमारे ७१,००० आयकर आणि १७,००० च्या वर पेरोल टॅक्स भरतात. नव्या करात प्रीबेट वजा जाता भरतील साधारण २७,४००.

हा कागद मी भाच्याला फोटो काढून पाठवला, तेव्हा तो थोडा वेळ गप्प होता. मग त्याने योग्य तोच मुद्दा काढला: “पण मावशी, उरलेले पैसे ते कधीतरी खर्च करतीलच ना? तेव्हा कर लागेलच.” बरोबर आहे. अनेक अर्थतज्ज्ञ म्हणतात की एका वर्षाकडे बघू नका, आख्ख्या आयुष्याकडे बघा. माझं उत्तर असं की, आयुष्यभर खर्च न होणारा पैसा हाच खरा श्रीमंतांचा पैसा असतो. तो मुलांकडे जातो, नातवंडांकडे जातो, वारसाकरही रद्द होणार म्हणून अख्खा जाईल, आणि खर्च न होताही घराला आधार, पत आणि वजन देत राहतो. ४०,००० वाल्या घराला वाट बघायची सोय नाही. त्यांचा पैसा महिनाअखेरीपर्यंत संपलेला असतो.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर मी सगळ्यात जास्त विचार केला आहे, कारण ती माझ्या वयाच्या लोकांची आहे. आम्ही चाळीस वर्षं पगारावर आयकर भरला. कर भरून जे उरलं ते बँकेत ठेवलं. आता काम थांबलं, उत्पन्न थोडं, आणि साठवलेलं मोडून खायचे दिवस आले. नेमक्या याच वेळी सरकार म्हणणार की यापुढे कमाईवर कर नाही, खर्चावर आहे. म्हणजे त्याच डॉलरवर एकदा मिळवताना कर दिला आणि दुसऱ्यांदा औषधांच्या दुकानात. तिशीतल्या मुलासाठी नवी पद्धत कदाचित चांगली ठरेल. सत्तरीतल्या माणसाला मात्र दोन्ही पद्धतींचा कर भरावा लागेल, आणि कोणताही कायदा त्याला पुन्हा तिशीत नेऊ शकत नाही.

समर्थक यावर सांगतात की कंपन्यांचे कर गेल्यावर वस्तूंच्या मूळ किमतीच खाली येतील, त्यामुळे शेवटची किंमत फारशी वाढणार नाही. आणि त्याच भाषणात सांगतात की नोकरदाराला पूर्ण पगार हातात मिळेल, कपात नाही. ही दोन्ही वचनं एकाच वेळी खरी होऊ शकत नाहीत. किमतीत दडलेल्या कराचा मोठा भाग म्हणजे मजुरीवरचा कर. तो वाचलेला पैसा कामगाराच्या पगारात गेला तर किंमत उतरणार नाही, आणि किंमत उतरवली तर पगार वाढणार नाही. हिशेबाच्या वहीत तोच रुपया दोन खात्यांवर जमा धरता येत नाही.

दराबद्दल थोडंच सांगते. २००५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी नेमलेल्या करसुधारणा समितीने देशव्यापी विक्रीकराचा पर्याय तपासला आणि नाकारला. पेरोल टॅक्सला हात न लावता, फक्त आयकराच्या जागी तो आणायचा तरी, प्रीबेट धरून, दुकानातल्या मोजणीने ३४ टक्के दर लागेल असा त्यांचा अंदाज होता. फेअरटॅक्स तर पेरोल टॅक्सही काढतो आणि ३० सांगतो.

आणि वसुली? भारतातल्या वाचकाला हे लगेच कळेल. जीएसटीत कर टप्प्याटप्प्याने गोळा होतो. दुकानदाराला इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे आधीच्या टप्प्यावर भरलेल्या कराची वजावट, हवं असतं म्हणून तो घाऊक व्यापाऱ्याकडून पक्कं बिल मागतो, आणि त्या बिलामुळे मागचा माणूस आपोआप नोंदीत येतो. १९५४ मध्ये फ्रान्सने असाच टप्प्याटप्प्याने गोळा होणारा मूल्यवर्धित कर आणला आणि पुढे जवळजवळ सगळ्या जगाने तो उचलला, त्यामागे हे मोठं कारण आहे. किरकोळ विक्रीकरात मात्र सगळाच्या सगळा कर शेवटच्या दुकानदाराच्या हातात असतो. त्याने बुडवला की सरकारकडे काहीच येत नाही. दर ६-७ टक्के असेल तर बुडवायचा मोह लहान. राज्याचा कर मिळवून ३५-३६ टक्क्यांच्या पुढे गेला, की नळ दुरुस्त करणारा विचारणारच, “रोख देणार असाल तर पावती राहू दे?” आणि धंद्यासाठीच्या खरेदीवर कर नाही, म्हणजे घरची गाडी कंपनीच्या नावावर घेणारेही निघणार. मग कोण खरं, कोण खोटं, हे तपासायला माणसं लागतील. आयआरएसची पाटी उतरवून ते काम राज्यांकडे जाईल, एवढंच. त्यातल्या अलास्का, डेलावेअर, मोंटाना, न्यू हॅम्पशर आणि ओरेगॉन या पाच राज्यांना तर आज राज्यपातळीवरचा विक्रीकरच नाही. शिवाय दर महिन्याला प्रत्येक घरी प्रीबेट पाठवायचं तर कोणत्या घरात कितीजण राहतात, मूल नक्की कोणाकडे असतं, याची नोंद ठेवावीच लागेल. घटस्फोटित आईबापांपैकी मुलाची सवलत कोणी घ्यायची, यावरून माझ्या टेबलाशी जे अश्रू निघतात, ते तिथेही निघतील.

अमेरिकेने आयकराशिवाय बरीच वर्षं काढली आहेत, हेही खरं. यादवी युद्धात आलेला आयकर १८७२ मध्ये संपला. १८९४ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १८९५ मध्ये रद्द ठरवला. मधल्या काळात सरकार मुख्यतः आयात जकात आणि दारू-तंबाखूवरच्या करावर चालायचं. म्हणजे बोजा वस्तूंवर, आणि वस्तू तर सगळ्यांनाच लागतात. शेतकरी आणि मजूर यांची हीच तक्रार होती. तिच्यातूनच १९१३ ची सोळावी घटनादुरुस्ती आली आणि १ ते ७ टक्क्यांचा आयकर सुरू झाला. ती दुरुस्ती रद्द व्हायची तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि ३८ राज्यांची मान्यता लागते. ती सात वर्षांत रद्द झाली नाही तर विक्रीकर आपोआप संपेल, असं कलम फेअरटॅक्समध्ये आहे. तोवर त्याच्या भरवशावर उभ्या राहिलेल्या लोकांनी काय करायचं, हे मला कोणी सांगितलेलं नाही.

खर्चावर कर बसवण्याचा प्रयोग भारतानेही केला होता. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस कॅल्डोर यांच्या सल्ल्यावरून १९५७ मध्ये खर्च कर कायदा आला. तो दुकानात नव्हे, माणसाच्या वर्षभराच्या खर्चावर होता, म्हणजे माणूस बघून लावलेला. १९६२ मध्ये बंद, १९६४ मध्ये पुन्हा सुरू, १९६६ मध्ये कायमचा बंद. खर्च मोजणं हे उत्पन्न मोजण्याहून अवघड निघालं. तरी त्यामागचा विचार मला या विक्रीकराहून जास्त न्यायाचा वाटतो.

फॉर्मची कटकट खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण ती कटकट उत्पन्नावर कर आहे म्हणून नाही. पगाराचा डब्ल्यू-२ कागद माझ्यासमोर येण्याआधी त्याची माहिती सरकारकडे गेलेली असते. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये सरकार भरलेलं विवरणपत्रच पाठवतं, माणूस बघून होकार देतो. इथे २०२४ मध्ये १२ राज्यांत सरकारने थेट, फुकट विवरणपत्र भरण्याची सोय सुरू केली, पुढच्या वर्षी ती २५ राज्यांत नेली, आणि मग बंद करून टाकली. त्याचं मला फार वाईट वाटलं. कायद्याचे प्राध्यापक मायकेल ग्रेट्झ यांची सूचना तर अशी की मूल्यवर्धित कर आणा, पण आयकर काढू नका. कुटुंबाच्या पहिल्या १ लाख डॉलरपर्यंत आयकर माफ करा आणि वरच्यांकडून घेत राहा. कोट्यवधी लोकांचे फॉर्म त्यात संपतात. बदल करायचाच असेल तर माझं मत याला.

एका माणसाला मात्र मला अजून पुरतं उत्तर देता आलेलं नाही. गेल्या हंगामात एक तरुण आला होता, स्वतःच्या गाडीतून घरोघरी सामान पोचवणारा. त्याचा आयकर जवळपास शून्य होता. पण स्वतःचा धंदा म्हणून पेरोल टॅक्सचे दोन्ही हिस्से, नोकराचा आणि मालकाचा, त्याच्यावरच, १५.३ टक्के, आणि वर्षाचा नफा ४०० डॉलर झाला की सुरू. भरायची रक्कम बघून तो बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “तो नवा विक्रीकर आला तर हे द्यावं लागणार नाही ना?” मी म्हटलं, “नाही, हे लागणार नाही.” “मग तुम्ही विरोधात का?” मी त्याला वर लिहिलं ते सगळं सांगायला सुरुवात केली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, सही केली, आणि ती रक्कम हप्त्याने भरता येते का, एवढंच विचारलं. येते. तो अर्ज आम्ही दोघांनी मिळून भरला.