मामांसमोर विचारलेला प्रश्न

आमची प्रयोगशाळा तालुक्याच्या गावी, एसटी स्थानकासमोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. रक्त-लघवीच्या रोजच्या गर्दीत वीर्यतपासणीचे नमुने आठवड्याला दोन-तीनच येतात. बहुतेक वेळा ते मूल होत नाही म्हणून येतात, आणि तेही बायकोच्या साऱ्या तपासण्या दोन-दोनदा करून झाल्यावर. गेल्या श्रावणात आलेला २३ वर्षांचा मुलगा त्यातला नव्हता. कबड्डीत चढाई करून परतताना पकड करणाऱ्याचा गुडघा त्याच्या जांघेत बसला होता आणि उजवे वृषण फाटले होते. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली; सर्जननी साचलेले रक्त काढून फाटलेले आवरण शिवले आणि वृषण वाचवले. डावे वृषण सोनोग्राफीत व्यवस्थित होते. या सगळ्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते.

त्याच्याबरोबर मामा आले होते. साखरपुडा झालेला होता, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरायचा होता आणि मुलीकडच्यांना ‘कागद’ हवा होता. सर्जननी तीन महिन्यांनी तपासू असे सांगितले होते, म्हणून मामांनी दुसऱ्याच एका डॉक्टरांकडून चिठ्ठी आणली होती. त्या चिठ्ठीवर तपासणीच्या नावापलीकडे काही नव्हते. मार लागल्याची तारीख नाही, शस्त्रक्रियेचा उल्लेख नाही. “इथं कुणी पुरुषमाणूस नाही का?” असे मामांनी विचारले. चौदा वर्षे हे काम करते आहे, या प्रश्नाचे आता वाईट वाटत नाही.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात आणि पुढे बाहेर येईपर्यंत आणखी काही दिवस जातात. म्हणजे तीन आठवड्यांनी घेतलेल्या नमुन्यातले शुक्राणू मार लागण्याच्या आधीच घडायला लागलेले असतात. वृषणाला पुढे काय झाले हे त्यांच्यावरून समजत नाही. शिवाय मधल्या काळातला ताप, भूल आणि धसका यांचा परिणाम असतो तो वेगळाच. हे मी मामांना समजावून सांगितले. “तुम्ही फक्त कागद द्या,” ते म्हणाले. चिठ्ठी होती, पैसे भरलेले होते, आणि आलेला गिऱ्हाईक परत पाठवणे आमच्या मालकांना आवडत नाही. मी डबी दिली.

नमुना देण्यासाठी आमच्याकडे वेगळी खोली नाही. जिन्याखालचे शौचालय आहे, त्याची कडी सैल आहे, बादली दारात आडवी येते आणि बाहेर खुर्च्यांवर साखर तपासायला आलेले लोक बसलेले असतात. मालकांनी यंदा रक्ताच्या यंत्रावर कित्येक लाख खर्च केले. त्या कडीचा खर्च मात्र तीन वर्षे पुढे ढकलला जातो आहे. मुलगा आत गेल्यावर मामांनी दोनदा दार वाजवून “झालं का रे?” असे विचारले, आणि आमच्या मदतनिसाने त्याचे नाव जिन्यातून मोठ्याने पुकारले.

डबी मी आधी रिकामी आणि मग भरलेली तोलते. पिपेटने मोजताना थोडे आतच चिकटून राहते, वजनात तसे होत नाही. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर धरायचे. भरले १.२ मिलिलिटर, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेतील १.४ या खालच्या मर्यादेहूनही कमी. नमुना ३७ अंशांवर ठेवला. एरवी अर्ध्या तासात पातळ होणारा नमुना पाऊण तासानंतरही जेलीसारखा थुलथुलीत होता. एकास वीस विरल करून न्यूबावर कक्षात, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या आखीव काचेवर मोजले, पुन्हा दुसऱ्यांदा मोजले: मिलिलिटरला ५० लाख, जिथे किमान १ कोटी ६० लाख अपेक्षित असतात, पुढे सरकणारे १८ टक्के.

याच ठिकाणी मी थांबायला हवे होते. वीर्याच्या पहिल्या भागातच बहुतेक शुक्राणू असतात आणि नमुना पातळ करणारा प्रोस्टेट ग्रंथीचा स्रावही त्यातच असतो. आकारमान कमी, पातळ होण्यास उशीर आणि संख्या कमी, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की पहिला भाग डबीबाहेर गेला, ही पहिली शंका यायला हवी. मला ती आलीही. मी बाहेर जाऊन विचारले, “काही सांडलं होतं का?” मामा शेजारीच बसले होते. मुलाने मान हलवली, “नाही, मॅडम.” मी ‘नमुना पूर्ण’ या चौकटीत खूण केली. संख्या कमी असल्याचा शेरा संगणकाने ठळक अक्षरांत आपोआप छापला. ‘तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे’ ही माझी ओळ त्याखाली बारीक अक्षरांत आली. मामांनी काउंटरवरच रिपोर्टचा फोटो काढून पुढे पाठवला.

कार्तिकात तो एकटाच आला. या वेळी मी त्याला दुपारी दोन वाजता, गर्दी ओसरल्यावर बोलावले होते आणि मदतनिसाला चहा आणायला पाठवले होते. २.२ मिलिलिटर, वीस मिनिटांत पातळ, मिलिलिटरला १ कोटी ९० लाख, पुढे सरकणारे ३४ टक्के. सगळे आकडे मर्यादेच्या वर होते. आकडे सांगितल्यावर तो म्हणाला, “मॅडम, मागच्या वेळी सुरुवातीचं खाली पडलं होतं. मामा दार वाजवत होते.” मग त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून जुना रिपोर्ट काढला. “हा आता रद्द करता येईल का?”

छापून दिलेला रिपोर्ट रद्द होत नाही. नोंदवहीत जुन्या नोंदीसमोर मी लिहिले, ‘पहिला भाग सांडला होता, रुग्णाने नंतर सांगितले,’ आणि खाली तारीख घालून सही केली. त्या पानाची झेरॉक्स काढून नव्या रिपोर्टला टाचून दिली. लग्नाचे काय झाले हे मी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. मामांनी पुढे पाठवलेल्या फोटोत मात्र ती ओळ नाही.