आईची लवंगेच्या तेलाची बाटली

भाऊबीजेच्या रात्री माझी उजवीकडची खालची दाढ ठणकायला लागली. दवाखाने बंद, आणि उशीला डोकं टेकवलं की कळ थेट कानात. आमच्या पंचवटीतल्या घरात अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं. आईने फडताळातून तपकिरी बाटली काढली, कापसाचा बारीकसा बोळा लवंगेच्या तेलात बुडवला आणि म्हणाली, "आ कर." आधी जिभेला चटका बसला, मग हळूहळू ती बाजूच बधिर झाली. मला झोप लागली.

चुकलं ते त्यानंतर. कळ थांबते म्हटल्यावर मी तीन आठवडे रोज बोळा ठेवत राहिले, तेल तसंच, काही न मिसळता. शेवटी दाढेजवळची हिरडी पांढरीफटक पडली, सालपटं निघायला लागली, साधा वरणभातही झोंबायला लागला. तेव्हा कुठे गंगापूर रोडला दातांच्या डॉक्टरांकडे गेले.

रूट कॅनॉल करावं लागलं. पहिल्या सिटिंगच्या शेवटी डॉक्टरांनी काचेच्या तुकड्यावर पांढरी पूड घेतली, शेजारी दोन थेंब पिवळसर तेल टाकलं आणि चपट्या पात्याने घोटायला सुरुवात केली. खोलीभर आमच्या फडताळाचा वास! मी विचारलंच. "युजेनॉल आहे ताई. तुमच्या लवंगेच्या तेलात मुख्य तेच असतं. आणि ही झिंक ऑक्साईडची पूड." दोन्ही घोटून पुट्टीसारखं झालं आणि दाढेतला खड्डा तात्पुरता बुजला.

मग त्यांनी जे समजावलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जंतू साखरेचं आम्ल करतात आणि त्या आम्लाने दाताचं कवच विरघळत जातं. युजेनॉल अशा जंतूंच्या पेशीचं आवरण खिळखिळं करतं, हे खरंच आहे. पण कीड आत दाताच्या नसेपर्यंत पोचली की वरून ठेवलेला बोळा तिथवर पोचत नाही. नस बधिर होते, कळ थांबते, आणि आत कीड वाढतच राहते. माझ्या तीन आठवड्यांत नेमकं तेच झालं.

ओव्याचंही तसंच. ओव्याच्या तेलात थायमॉल असतं, आणि 1879 साली अमेरिकेत तयार झालेल्या लिस्टरीन या चूळ भरायच्या औषधातही थायमॉल आहे, जोडीला निलगिरीतलं युकॅलिप्टॉल आणि पुदिन्यातलं मेंथॉल. म्हणजे आपल्या मसाल्याच्या डब्यातली माणसं तिकडे बाटलीत जाऊन बसली आहेत. ब्रश केल्यावर अशा चुळा भरल्या तर दातांवरचा चिकट थर कमी धरतो. धरून दगड झालेलं किटण मात्र कुठल्याच तेलाने निघत नाही, ते डॉक्टरांनीच काढायचं.

आता बाटली माझ्या ताब्यात आहे. कधी लागलंच तर चमचाभर खोबरेल तेलात एखादा थेंब, तोही डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत. पाण्यात टाकून चूळ भरू नका. तेल पाण्यात मिसळत नाही, थेंब तसाच राहून तळाशी बसतो आणि तो अख्खा थेंब हिरडीला चटका देतो. लहान मुलांच्या हाताला तर बाटली लागूच देऊ नका. हे तेल पोटात गेलं तर लिव्हरला इजा होते.

आईच्या तोंडात आता अकराच दात उरलेत. एकेका दाढेला तिने वर्षानुवर्षं बोळे ठेवले, आणि शेवटी ती काढावीच लागली. तेव्हा घरात दातांच्या डॉक्टरकडे जायची पद्धतच नव्हती, पैसेही नव्हते. काल रात्री ती बाटली शोधत होती. विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं, वरच्या दाढेला आठवडाभर जरा बोळा ठेवतेय."

मंगळवारी सकाळची वेळ घेतली आहे.