एल्डर, हप्ता घ्यायला आलात का?

फिलिपिन्समधे भारतीय चेहऱ्याचा माणूस दारात दिसला की पोरं आत पळतात आणि आतून आवाज येतो, आई घरी नाही. कारण तिकडं मोटरसायकलवरून गल्लीबोळात फिरणारा इंडियन म्हणजे फाइव्ह-सिक्सवाला सावकार. ५ घ्यायचे ६ द्यायचे, सरळ २० टक्के, आणि वसुली रोजच्या रोज दारावर येऊन. धंदा बहुतेक पंजाबी लोकांचा, पण तिकडच्यांच्या लेखी आपण सगळे बुम्बायच, म्हणजे बॉम्बेवाले, आणि मी तर पुण्याचा, मग नाही तरी कुठल्या तोंडानं म्हणणार.

आमचं घर मॉर्मन. ख्रिश्चन म्हटलं तरी नातेवाईक गोंधळतात, हे तर त्याहून अवघड, त्यामुळे फार समजवायला जात नाही. आमच्यात पोरं २ वर्षं मिशनला, म्हणजे धर्मप्रसाराला जातात, तिथं त्यांना एल्डर म्हणतात, देश आपण निवडायचा नाही, चर्च पाठवेल तिकडं. मला मिळालं नुएवा एसिहा, लुझोनचा भाताचा पट्टा. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी, साडेसहाला उठायचं, आणि कंपॅनियनशिवाय, म्हणजे जोडीला दिलेल्या मिशनरीशिवाय, कुठंही जायचं नाही. माझा कंपॅनियन दक्षिणेकडच्या मिंडानाओ बेटावरचा, घरी बिसाया बोलणारा, म्हणजे इकडची टागालोग भाषा त्यालाही शिकूनच आलेली, पण चेहरा तिथलाच ना, त्याला बघून कोणी दार लावत नव्हतं.

तो आठवडा जुलैतला, पावसाचा. सोमवारी सुट्टी म्हणजे टबात कपडे धुणं, बाजार आणि घरी व्हिडिओ कॉल. २०१९ च्या आधी वर्षातनं दोनदाच घरी बोलता यायचं म्हणे, आता दर आठवड्याला, आणि आईचा दर आठवड्याला तोच प्रश्न, नुसता भातच खातोस का रे. हो, तीन वेळा.

मंगळवारी एका सारी-सारी दुकानासमोर, म्हणजे घरातल्याच छोट्या किराणा दुकानासमोर, उभं राहून "ताओ पो", कोणी आहे का, म्हटलं. खिडकीला जाळी, वर थ्री-इन-वन कॉफीच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या. आतली बाई मला बघून म्हणाली, आज नाही, शुक्रवारी ये. कंपॅनियन हसायलाच लागला, म्हणाला आते (म्हणजे ताई), हा पैसे देतही नाही आणि घेतही नाही, हा पुस्तक देतो. तिला खरंच कोणाचातरी हप्ता द्यायचा होता. मग तीही हसली, प्लॅस्टिकचे स्टूल बाहेर आले आणि पहिला धडा तिथंच झाला.

गुरुवारी तिच्या नवऱ्याच्या शेतात लावणी होती, आम्ही मदत करतो म्हणालो. पांताबांगान धरणाचं पाणी कालव्यानं येतं तिकडं, चिखलणी झालेली, रोपांच्या जुड्या बांधावर पडलेल्या. मामाचं गाव मुळशीत असल्यानं हे काम मला जन्मापासून माहीत. जुडी डाव्या हातात, उजव्यानं तीनचार काड्या सुट्या करायच्या, अंगठ्यानं चिखलात दाबायच्या आणि मागं सरकायचं. कंपॅनियन शहरातला, त्यानं लावलेली निम्मी रोपं दहा मिनिटांत पाण्यावर तरंगायला लागली. शेजारच्या म्हाताऱ्या थांबून माझ्या हाताकडं बघत होत्या, बुम्बायला हे कसं काय येतं म्हणून. दुपारच्या मेरिएंडाला, म्हणजे मधल्या खाण्याला, उकडलेली केळी आणि कॉफी आली, आम्ही पाणी मागितलं, तर कॉफी का नाही यावरनं आपोआपच पुढचा धडा सुरू झाला. चहाकॉफी, दारू, तंबाखू, आमच्यात काहीच चालत नाही. (चहा न पिता पुण्यात नातेवाइकांकडं जाऊन दाखवा, मिशन त्यापुढं सोपं आहे.)

शनिवारी गेलो तेव्हा ती म्हणाली मला बाप्तिस्मा घ्यायचाय. आणि मग कळलं, तो कागदोपत्री तिचा नवरा नाहीच. त्याचं आधी लग्न झालेलं, पहिली बायको परदेशात कामाला गेली ती परत आलीच नाही, आणि फिलिपिन्समधे मुसलमान सोडले तर घटस्फोटाचा कायदाच नाही. लग्न कोर्टातनं रद्द करून घेता येतं पण त्याला वकील, वर्षं आणि पैसा लागतो, जो हप्त्यावर दुकान चालवणाऱ्यांकडं कुठनं येणार? आणि लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांना आमच्यात बाप्तिस्मा नाही.

ती सरळ म्हणाली, मग ह्याला घराबाहेर काढू का? धाकटं मांडीवर झोपलेलं, तो दारात नखांतला चिखल काढत बसलेला. मी आमच्या चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथ, त्याच्या १८२० सालच्या गोष्टीपासून सगळ्या प्रश्नांची तयारी करून गेलेलो, आणि ते कोणी विचारतच नव्हतं. माझं वय २१, मुलींशी धड बोललेलोही नाही, मी काय सांगणार हिला? नियम मला मान्य आहे, आजही आहे, पण घर मोडा हे माझ्या तोंडून निघणार नव्हतं. एवढंच म्हणालो, तसं मी सांगणार नाही आते, मिशन प्रेसिडेंटना विचारतो.

त्यांचं उत्तर, शिकवत राहा, चर्चला येऊ दे, घाई नको.

रविवारी सगळी आली, तोही, केस ओले करून भांग पाडलेला, शेवटच्या बाकावर. भाकर आणि पाण्याचा ट्रे त्यानं हात न लावता पुढं दिला. मीटिंग संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, एल्डर, दोन खाचरं राहिलीत, मंगळवारी येता का, तुमच्या सोबत्याला नाही आणलं तरी चालेल. म्हटलं त्याला आणावंच लागतं, नियम आहे. तर म्हणे तुमचे नियम फार आहेत बुवा, बरं, त्याला बांधावर बसवू.

माझी ट्रान्सफर झाली तोवर बाप्तिस्मा काही झाला नव्हता. खाचरं मात्र सगळी लावून झाली.