भिंत, सावली आणि उभे राहण्याची जागा

कॅमेरा हाती आल्यानंतरची पहिली काही वर्षे मी छायाचित्रे काढत नव्हते, दृश्ये गोळा करत होते. इमारत समोर आली की ती पायथ्यापासून माथ्यापर्यंत चौकटीत बसलीच पाहिजे, डोंगर दिसला की त्याच्या पायथ्याची झाडी, माथ्यावरचा ढग आणि मधून गेलेली पायवाटही हवी, असा माझा हट्ट असे. त्यासाठी मी सदैव वाइड अँगल लेन्स लावून हिंडे. नंतर चित्रे पाहायला बसले की जागा ओळखू येई, पण ज्या एका गोष्टीमुळे तिथे पाय थबकले होते, ती मात्र चित्रात कुठेतरी कोपऱ्यात हरवलेली असे.

हा हट्ट सुटला तो एका भिंतीमुळे. साध्या, गिलावा न केलेल्या काँक्रीटची ती भिंत होती. ओतकामाच्या वेळी लावलेल्या फळ्यांचे ठसे तिच्यावर जसेच्या तसे उमटलेले होते. लाकडाच्या रेषा, गाठी, दोन फळ्यांमधल्या फटीत शिरून वाळलेल्या सिमेंटच्या बारीक कडा, सगळे दिसत होते. दुपारी बाराला ती सपाट आणि करडी दिसे. ऊन तिरपे होऊन भिंतीला जवळजवळ समांतर आले की प्रत्येक कडेची स्वतःची सावली पडे आणि हाताने चाचपावा इतका तिचा पोत वर येई. शेजारच्या झाडाची सावलीही त्याच वेळी तिच्यावर उतरत असे. मी लागोपाठ चार दिवस तिथे गेले आणि चौथ्या दिवशी पहिल्यांदा चौकटीत फक्त भिंत व सावली ठेवली. ना छप्पर, ना जमीन, ना आकाश.

त्या सावलीकडे बारकाईने पाहिल्यावर ती एकसारखी नाही हे लक्षात आले. भिंतीला टेकलेल्या फांदीची पाने रेखल्यासारखी स्पष्ट होती, तर उंचावरच्या फांद्यांची सावली पाण्यात भिजलेल्या शाईसारखी पसरलेली होती. त्याचे कारण सूर्य हा बिंदू नसून आकाशात सुमारे अर्धा अंश रुंदीचे बिंब आहे, हे. पान भिंतीपासून वीस सेंटिमीटरवर असेल तर त्याच्या सावलीची कड जेमतेम २ मिलिमीटर पुसट होते; तेच पान पाच मीटर दूर असेल तर हा पुसटपणा चार-साडेचार सेंटिमीटरवर जातो आणि पानाचा आकारच विरघळतो. म्हणजे त्या सपाट भिंतीवर झाडाची सगळी खोली उतरलेली होती, फक्त ती वाचता आली पाहिजे. आणि वाचायला फार वेळही मिळत नाही. आकाशात सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे स्वतःच्या बिंबाइतके अंतर तो दोन मिनिटांत कापतो. फांदीची सावली फळीच्या ठशावर नेमकी आडवी आली आणि मी ट्रायपॉडचा स्क्रू आवळेपर्यंत ती पुढे निघूनही गेली, असे तीनदा झाले.

साधेपणा समोरच्या वस्तूत असतो असे मला पूर्वी वाटे. आता वाटते की तो बहुतेक वेळा आपल्या पायांत असतो. चार पावले डावीकडे सरकले की विजेचा खांब भिंतीच्या कडेमागे जातो. गुडघ्यावर बसले की मागची गर्दी कठड्याआड जाते. झूम फिरवून चौकट लहान होते, पण वस्तूंची आपापसांतली जागा बदलत नाही. ती बदलायची तर स्वतःलाच हलावे लागते. इमारतींच्या बाबतीत आणखी एक शिस्त पाळावी लागते. कॅमेरा वर उचलला की उभ्या रेषा माथ्याकडे एकमेकींकडे कलतात आणि इमारत मागे झुकल्यासारखी दिसते. कॅमेरा समतल ठेवून दूर जाणे, उंच जागा शोधणे किंवा टिल्ट-शिफ्ट लेन्स वापरून भिंगच वर सरकवणे, हे त्यावरचे उपाय. रेषा कलूच नयेत असे माझे म्हणणे नाही. मान मागे टाकून पाहिल्याचा भाव हवा असेल तर त्या पुरत्या कलू द्याव्यात. पण थोड्याशा कललेल्या रेषा डोळ्याला खुपत राहतात, आणि अशा चित्रात बाकी काहीही कितीही सुंदर असले तरी माझी नजर तिथेच अडखळते.

वास्तूच्या छायाचित्रांत मी सर्वाधिक वेळा ज्याच्याकडे परतते ते ब्रिटिश छायाचित्रकार फ्रेडरिक इव्हान्स यांनी १९०३ मध्ये इंग्लंडमधल्या वेल्स या शहरातल्या कॅथीड्रलमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, टिपलेले एक चित्र आहे. त्यात आहे केवळ एक दगडी जिना. शेकडो वर्षांच्या पावलांनी त्याच्या पायऱ्या मधोमध झिजून वाकल्या आहेत, आणि इव्हान्स यांनी कॅमेरा अशा जागी ठेवला की त्या खालून वर एकामागून एक येणाऱ्या लाटांसारख्या दिसतात. त्यांनी चित्राला नावही ‘पायऱ्यांचा समुद्र’ या अर्थाचेच दिले. एवढ्या मोठ्या, कोरीव कामाने भरलेल्या वास्तूत शिरून एका माणसाने झिजलेला दगड निवडला, याचे मला दर वेळी नव्याने अप्रूप वाटते.

निसर्गात हे काम अधिक कठीण असते, असा माझा अनुभव आहे. वास्तू बांधणाऱ्याने रेषा आधीच आखून ठेवलेल्या असतात. रानात कोणतीही फांदी आपल्या सोयीने वाढलेली नसते. धुके पडले की मात्र रान आपोआप उलगडते. हवेतले पाण्याचे थेंब प्रकाश विखुरतात, त्यामुळे जवळचे झाड गडद, त्यामागचे फिकट आणि त्याही मागचे जेमतेम असल्यासारखे, अशी पुस्तकासारखी वेगवेगळी पाने उघडत जातात. पाण्यावर लोक दीर्घ एक्सपोजर वापरतात, म्हणजे शटर बराच वेळ उघडे ठेवतात. प्रकाश सुमारे हजारपटींनी कमी करणारा एनडी फिल्टर, म्हणजे भिंगापुढची काळसर काच, लावला की सेकंदाच्या तिसाव्या भागात संपणारे एक्सपोजर अर्ध्या मिनिटापर्यंत लांबते आणि लाटा पुसल्या जातात. मी हे करून पाहिले व सोडले. सगळे पाणी कापसासारखे झाले की ते साधे होत नाही, मुके होते. अर्ध्या सेकंदात लाटेची धाव दिसते आणि फेसाची दोरीही शाबूत राहते. माझे मन तिथे रमते. समुद्राचा विषय निघाला की जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो यांची समुद्रचित्रे आठवतात. १९८० पासून ते जगभरच्या किनाऱ्यांवर एकच चौकट मांडत आले आहेत: वर हवा, खाली पाणी, नेमके मध्यावर क्षितिज. क्षितिज मधोमध ठेवू नये, हे नवशिक्याला पहिल्याच दिवशी सांगितले जाते. त्यांच्या चित्रांपुढे तो नियम आठवतसुद्धा नाही.

वास्तू आणि वनस्पती या दोन वाटा माझ्यासाठी एकत्र आल्या त्या कार्ल ब्लॉसफेल्ट यांच्यामुळे. ते बर्लिनमध्ये कलाशिक्षक होते. विद्यार्थ्यांना नक्षीकाम शिकवताना आकार दाखवता यावेत म्हणून स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यांनी ते कोंब, कळ्या, देठ यांची छायाचित्रे घेत, काही तर तीसपटींपर्यंत मोठी करून. मागे साधा करडा किंवा पांढरा कागद, मऊ प्रकाश, बस्स. १९२८ मध्ये ती पुस्तकरूपाने आली तेव्हा लोकांना त्या देठांत खांब दिसले आणि उमलत्या नेच्यात घडीव लोखंडाची वेटोळी.

ती चित्रे पाहिल्यानंतर मीही एका नेच्याच्या कोंबापुढे ओणवी झाले होते. नखाएवढा तो गोल, तपकिरी लवेने झाकलेला, आत एकात एक गुंडाळलेली पाती, आणि प्रत्येक पात्याच्या टोकाशी पुन्हा तसेच लहानसे वेटोळे. श्वासानेही तो हलत होता, म्हणून श्वास रोखून शटर दाबले. मागे पालापाचोळा होता. तो झाकायला मी कागद धरला नाही, थोडी खाली वाकले, आणि सावलीतला काळा भाग त्याच्या मागे आला.

गेल्या महिन्यात त्या काँक्रीटच्या भिंतीकडे पुन्हा गेले होते. शेजारचे झाड छाटलेले होते, त्यामुळे सावली नव्हती. पावसाच्या ओघळांनी फळ्यांच्या ठशांवर उभे काळपट पट्टे पडले आहेत, आणि जिथे दोन फळ्या जुळत नव्हत्या त्या फटीत बोटाच्या पेराएवढे हिरवे शेवाळ धरले आहे. मी ट्रायपॉड मांडला, कॅमेरा समतल केला आणि ऊन तिथवर उतरण्याची वाट पाहत उभी राहिले.