मालिका संपल्यावरची वीस वर्षं

आपल्याकडे आधी कादंबरी गाजते आणि मग तिच्यावर मालिका निघते. 'स्वामी' आमच्या घरात सगळ्यांनी आधी वाचली होती, पडद्यावरचे माधवराव नंतर आले. अमेरिकेत उलटी गंगाही जोरात वाहते, मालिकेवरून कादंबऱ्या निघतात. अशा पुस्तकांकडे मी बरीच वर्षं नाक मुरडूनच पाहत होते.

मत बदललं ते 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन'मुळे. बजोर ग्रहाजवळच्या एका अंतराळ स्थानकावर घडणारी, १९९३ ते १९९९ अशी सात सीझन चाललेली ही मालिका मी उशिरा, पण सलग पाहिली. शेवटचा भाग संपला आणि चिडचिड झाली. स्टेशनचा प्रमुख सिस्को गरोदर बायकोला मागे ठेवून प्रॉफेट्सकडे, म्हणजे बजोरी लोक ज्यांना देव मानतात त्या काळापलीकडच्या जिवांकडे निघून जातो, सुरक्षाप्रमुख ओडो आपल्या लोकांत परततो, इंजिनियर ओब्रायन पृथ्वीची वाट धरतो आणि स्टेशन सिस्कोची बजोरी सहकारी कीरा, तिच्या एकटीच्या गळ्यात पडतं. ज्या बजोर ग्रहाला फेडरेशनमध्ये, म्हणजे पृथ्वी ज्यात आहे त्या ग्रहांच्या संघात आणण्यासाठी सात वर्षं आटापिटा केला, तो शेवटीही बाहेरच! पुढे काय, याचं उत्तर पडद्यावर नव्हतं. होतं ते फक्त पुस्तकांत.

पहिली अडचण क्रमाची. २००१मध्ये एस. डी. पेरीच्या दोन भागांतल्या 'अवतार'पासून हे नवं पर्व सुरू होतं, इतकं सहज कळतं. पुढे मात्र पुस्तकांवर सलग क्रमांक नाहीत. मधलीच एखादी गोष्ट 'गेटवेज' नावाच्या दुसऱ्याच पुस्तकमालिकेत शिरते. या 'गेटवेज'चा तर कहर होता. सहा कादंबऱ्या ऐन मोक्याच्या जागी तोडलेल्या आणि सगळ्यांचे शेवट एकत्र सातव्या पुस्तकात, तेही पुठ्ठा बांधणीच्या महागड्या! वाचकाचा खिसा कसा कापावा, हे यांच्याकडून शिकावं. शेवटी चाहत्यांनी बनवलेला बाणाबाणांचा तक्ता छापून घेतला आणि वाचलेल्या चौकटीवर पेन्सिलने फुली मारत गेले. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर 'स्टार ट्रेक'ची जुनी पेपरबॅक मिळाली, पण मला हवी ती सापडेनात. बहुतेक सगळं वाचन मग ईबुकवर झालं.

'अवतार' वाचताना लक्षात आलं की मालिका बंद पडली, हेच या पुस्तकांचं भाग्य. मालिका चालू असताना अशा कादंबरीला हात बांधून लिहावं लागतं. शेवटच्या पानावर प्रत्येक पात्र पहिल्या पानावर होतं तिथेच आणून ठेवायचं, कारण पुढच्या आठवड्यात पडद्यावर त्याला काहीच झालेलं नसतं. इथे तो जाच नव्हता. संपादक मार्को पाल्मिएरी आणि लेखकांनी कीराला तिच्याच धर्मपीठाकडून बहिष्कृत करून टाकलं! एक जेम'हडार, म्हणजे युद्धातल्या शत्रूपक्षाचा सैनिक निरीक्षक म्हणून स्टेशनवर आणून बसवला. इलायस वॉन हा शंभरी ओलांडलेला अधिकारी आणला, आणि तो मला पडद्यावरच्या काही जणांपेक्षा जास्त आवडला. २००३च्या 'युनिटी'त सिस्को परततो, त्याला मुलगी होते, बजोर एकदाचं फेडरेशनमध्ये येतं. मालिकेचा खरा शेवट माझ्यापुरता तोच.

मधल्या 'मिशन गॅमा'च्या चार जाडजूड पुस्तकांत मात्र दमछाक झाली. नवे ग्रह, नव्या जमाती, त्यांची उच्चारता न येणारी नावं. काही पानं मी सरळ उलटली आणि त्याचं मला काही वाटत नाही. याउलट ऊना मकॉर्मॅकची 'द नेव्हर-एंडिंग सॅक्रिफाइस' सावकाश वाचली. मालिकेच्या एका भागात बजोरी घरात वाढलेल्या रुगाल नावाच्या कार्डेशियन (बजोरवर पूर्वी राज्य केलेल्या जमातीच्या) पोराला त्याच्या जन्मदात्याकडे परत पाठवतात, आणि पुढे कोणी त्याचं नावही काढत नाही. ही कादंबरी त्याच्यासोबत कार्डेशियाला जाते आणि त्या राज्यकर्त्यांच्या देशात त्याला काय भोगावं लागतं ते सांगते. 'मालिकेवरची पुस्तकं' म्हणून हिणवणाऱ्यांच्या हातात मी हीच ठेवते. दुसरी 'अ स्टिच इन टाइम'. ती मालिकेत गॅरॅक या कार्डेशियन शिंप्याची भूमिका करणाऱ्या अँड्र्यू रॉबिन्सननेच लिहिली आहे, तीही गॅरॅकच्या पत्राच्या रूपात. चाहत्यांच्या मेळाव्यांत तो गॅरॅकची डायरी लिहून वाचून दाखवायचा, त्यातून पुस्तक उभं राहिलं.

२००९नंतर गाडी रुळावरून घसरली. कथा एकदम काही वर्षं पुढे उडी मारते आणि ऐन रंगात आलेलं असेंडंट्स या धर्मवेड्या जमातीचं प्रकरण लोंबकळत राहतं. ते निस्तरायला २०१५ उजाडावं लागलं. तोवर २०१२च्या पुस्तकांत खुद्द स्टेशनच उडवून दिलेलं! तक्त्यावरच्या चौकटी भरायच्या म्हणून वाचत राहिले, एवढंच.

आणि मग २०२० आलं. 'पिकार्ड' ही 'स्टार ट्रेक'ची नवी मालिका सुरू झाली आणि तिने कादंबऱ्यांतली वीस वर्षं खोटी पाडली. 'स्टार ट्रेक'मध्ये नियमच असा की पडद्यावर दिसलं ते खरं, छापलेलं गैरलागू. लेखकांनी मुकाट्याने दुकान बंद केलं नाही, हे मला भावलं. २०२१मध्ये डेटन वॉर्ड, जेम्स स्वॅलो आणि डेव्हिड मॅक या तिघांनी 'कोडा' नावाची त्रयी लिहिली (वाचायची असेल त्यांनी पुढचं वाक्य गाळावं). पुस्तकांतलं हे सगळं विश्व म्हणजे काळाला फुटलेला एक फाटा होता, आणि बाकीची विश्वं वाचावीत म्हणून त्यातली माणसं जाणूनबुजून स्वतःला पुसून टाकतात. भयंकर मारझोड आहे, आवडती माणसं पानोपानी मरतात, तिसरा भाग मी धापा टाकत संपवला. पण इतकी वर्षं ज्यांनी हे विश्व चालवलं, त्यांच्याच हातून ते संपलं.

गंमत अशी की त्या 'पिकार्ड'च्या निर्मात्यांमधलं एक नाव कर्स्टन बेयर. तिनेही आधी 'व्हॉयेजर' या दुसऱ्या 'स्टार ट्रेक' मालिकेवरच्या अशाच कादंबऱ्या लिहिल्या होत्या. २००९च्या 'फुल सर्कल'पासून सुरू होणारी तिची ती रांग आता मी वाचायला घेतली आहे, आणि तक्त्याच्या त्या कोपऱ्यात बाण बरेच कमी आहेत.